पारावर की पारीवर

माझ्या बायकोने शिंगाडा सोलून दुसऱ्या व्यक्तीच्या तळहातावर ठेवला, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि त्या संध्याकाळपासून माझ्या जेवणाची चव गेली. ऐकीव गोष्ट मी आयुष्यभर पुरावा म्हणून धरली नाही. माझी सगळी नोकरी दिवाणी न्यायालयात लिपिक म्हणून झाली. म्हणून प्रारंभीच नमूद करतो, की अंतर पन्नास पावलांचे होते, उजेड पुरेसा होता आणि चष्मा डोळ्यांवर होता.

शिंगाडा सोलण्यात एवढे काय, असे ज्यांना वाटेल त्यांचे दात शाबूत असावेत. माझे वरचे सगळे दात कवळीचे आहेत. कोजागिरी सरते, हलका, लवकर पिकणारा धान कापणीला येतो, आणि त्याच सुमारास आमच्याकडच्या तलावांतून शिंगाडे निघू लागतात. ढिवरांच्या, म्हणजे तलावावरच्या मासेमारांच्या, बाया ते उकडून, टोपलीत ओल्या फडक्याखाली झाकून दारोदार आणतात. उकडलेल्या शिंगाड्याचे टरफल काळे आणि चिवट असते आणि दोन बाजूंना दोन टोकदार शिंगे. लोक ते दातांनीच फोडतात. मला ते जमेनासे झाले, तेव्हापासून बायको अडकित्ता घेऊन समोर बसते. आधी दोन्ही शिंगे कापते, मग मधोमध चीर देते आणि आतला पांढरा गर माझ्या बशीत ठेवते. पहिला मला, दुसरा तिला. तोवर मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचतो. ओसरीवर चार वाजताचा चहा, सोबत चिवडा किंवा भाजलेले चणे, आणि हंगामात शिंगाडे. निवृत्तीनंतर बारा वर्षे हा क्रम चालला. ती सानगडीला माहेरी गेली तेवढे दिवस सोडले, तर त्यात खंड पडलेला नाही.

वरील परिच्छेदातील क्रियापदे मी सवयीने वर्तमानकाळात लिहिली. ती आता खरी नाहीत.

आमच्या घरामागे वर्षभरापूर्वी एक बाई राहायला आल्या. चिखल्याला खाणीच्या दवाखान्यात त्या परिचारिका होत्या. पतीचे निधन झालेले. निवृत्त झाल्यावर भावाने दिलेल्या जागेत त्यांनी दोन खोल्या बांधल्या. गावात सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. उंच बांधा, नऊवारी नव्हे, साधी पाचवारी साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांची माझी पहिली भेट वंदनेच्या दिवशी विहारात झाली. "जयभीम भाऊजी," म्हणाल्या, आणि लगेच माझ्या पोटाकडे पाहिले. त्याच क्षणी माझ्या मनात प्रतिकूल मत तयार झाले.

बायकोचे गुडघे दुखत होते. ऑक्टोबर संपता संपता सकाळी अंगणात धुके उतरू लागले, आणि तिला खाली बसून उठणे जड जाऊ लागले. सिस्टर रक्तदाब मोजायला आल्या आणि निदान करून गेल्या की बसून बसून सांधे गंजले आहेत, रोज तासभर चालले पाहिजे, थंडी वाढली तरी सोडायचे नाही. सूर्य मावळला की गारवा पडतो, म्हणून वेळ ठरली चारची. चोवीस तासांपैकी नेमकी चारची.

दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर येऊन बसलो, तर समोर थर्मास. बायको स्वेटर घालून, डोक्याला रुमाल बांधून फाटकाशी उभी.

"मी फिराले जाऊन राहिली. चहा थर्मासमंदी आहे. शिंगाडे टोपलीत झाकले."

"सोललेले?"

"सोलून ठेवले त वाळते जी. आल्यावर पाहू."

आल्यावर तिने सोलले नाहीत. आल्यावर तिला भूक लागली होती, आणि ती थेट स्वयंपाकघरात गेली.

तिथेही सत्तांतर झाले होते. आम्ही धानाच्या मुलखातली माणसे. दोन्ही वेळ भात, हे आमच्याकडे सांगण्याचीसुद्धा गोष्ट नाही. आता रात्री ज्वारीची भाकर आणि वालाच्या शेंगांची भाजी येऊ लागली, तेल इतके कमी की शेंगा एकमेकींना ओळखत नसाव्यात. सांबारवडीचेही तसेच. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि हिवाळ्यातला कोवळा सांबार बारीक चिरून, वडी वळून खमंग तळतात. ती वडी एके दिवशी वाफवून पुढ्यात आली. हिरवी, ओलसर, निरुपद्रवी.

"हे काय?"

"सिस्टर म्हंते, वाफवली त पोटाले हलकी."

त्या एका जेवणात 'सिस्टर म्हंते' हे शब्द मी अकरा वेळा ऐकले. एकाच साक्षीदाराच्या जबानीवर आमच्या घराचा कारभार चालू झाला होता, आणि उलटतपासणीची सोय नव्हती. माझ्या पोटाला ती वाफवलेली वडी बरी वाटली, रात्री छातीत जळजळ झाली नाही, हे मी इथे प्रथमच कबूल करतो. त्या वेळी मी अर्धी वडी ताटात टाकून उठलो होतो.

मीही हालचाल सुरू केली. बायको गेली की अंगणात, बोअरवेलपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून बोअरवेलपर्यंत फेऱ्या. शेजाऱ्यांची शेळी गव्हाणीतून मान वर करून माझ्याकडे पाहत उभी राही. पंचवीस फेऱ्यांनंतर मला धाप लागे. बायको मात्र तासाभराने तलावाकडून येई ती गालांवर लाली घेऊन, आणि येताना तिचा वेग मला खिडकीतून दिसे. गुडघे दुखणारी बाई अशी चालत नाही. ती बरी होत होती याचा मला आनंद झाला नाही. ती माझ्याशिवाय बरी होत होती.

तिच्या मोबाइलवर आम्हा दोघांचा फोटो होता, नातीच्या वाढदिवसाचा. आठवडाभरात तिथे तलाव आला. पाण्यात बुडणारा सूर्य, आणि काठावर कॅनव्हासचे दोन बूट.

मला माझी चार वाजताची बायको परत हवी होती. एवढीच माझी मागणी होती, आणि ती मला न्याय्य वाटत होती. तोंडी बोलताना माझा आवाज चढतो, म्हणून मी पत्र लिहिले. विषय: सायंकाळी चार वाजताच्या चहाबाबत. त्यात मी मांडले, की एखाद्या वाटेने कोणी उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्काने जात राहिला, तर कालांतराने त्याची वहिवाट मान्य होते आणि ती कोणाला अडवता येत नाही. त्याच न्यायाने चारच्या चहावर आणि सोबतीवर माझी वहिवाट प्रस्थापित झालेली आहे. कायद्याला त्यासाठी वीस वर्षे लागतात आणि माझी बाराच भरली होती. ही त्रुटी मी पत्रात उघड केली नाही.

पत्र थर्मासखाली ठेवले. तिने ते उभ्यानेच वाचले, चष्मा न लावता, हात लांब करून.

"वहिवाट रस्त्याची रायते जी, बायकोची नाई."

"तत्त्व एकच आहे."

"मंग चाला ना तुमी बी. रस्ता मोठा आहे." बुटाची नाडी बांधता बांधता ती म्हणाली. होय, तिनेही कॅनव्हासचे बूट घेतले होते. "येता का? सिस्टर रोज इचारते, भाऊजी काहून येत नाई म्हणून."

सिस्टर विचारतात! म्हणजे माझ्या अनुपस्थितीची चर्चा तिथे रोज होत होती. मी नकार दिला. त्यांच्या निमंत्रणावरून मी माझ्याच बायकोबरोबर फिरायला जाणार नव्हतो.

गेलो, पण न सांगता. चार दिवसांनी, बांधाच्या अलीकडच्या मोहाच्या झाडाआड उभा राहिलो. तिथून जे दिसले ते प्रारंभी लिहिले आहे. तलावाच्या दगडांवर दोघी बसल्या होत्या. बायकोने बूट काढून पाय खाली सोडले होते. मांडीवर आमचा अडकित्ता. हो, आमच्या घरातला. ती एकेक शिंगाडा सोलत होती आणि गर आधी सिस्टरच्या हातावर ठेवत होती. पहिला त्यांना, दुसरा स्वतःला. सिस्टर खाणीतली काहीतरी गोष्ट सांगत होत्या, हातांनी पाळण्यासारखे काही खाली सोडल्याचा आविर्भाव करत, आणि माझी बायको पोट धरून हसत होती. माझ्या कोणत्या वाक्यावर ती अशी हसली होती, ते मी मोहाखाली उभा राहून आठवत राहिलो. बेचाळीस वर्षांच्या संसारात एक तरी वाक्य असणार. मला सापडले नाही.

त्या रात्री मी जेवलो नाही, आणि सकाळी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला.

हा अर्ज मी इतक्या संतापात लिहिला, की अक्षर नेहमीपेक्षा सुंदर आले. गावाच्या सार्वजनिक पारावर सायंकाळी चार ते सहाच्या दरम्यान काही इसम घोळक्याने बसून खाद्यपदार्थांचे सेवन करतात, टरफले टाकतात, येणाऱ्याजाणाऱ्यास व गुराढोरांस अडथळा होतो, सबब मनाई आदेश व्हावा. खाली पूर्ण नाव आणि सही. निनावी अर्ज मी करत नाही. तीन वेळा वाचला, पोच घेतली आणि घरी येऊन दोन वाट्या पोहे खाल्ले, तर्री घालून.

इथे आमच्या बोलीतला एक शब्द सांगणे भाग आहे. झाडीपट्टीत तलावाच्या बांधाला 'पार' म्हणतात. ती पार, पारीवर जाऊन येतो, असे आम्ही म्हणतो. झाडाभोवती बांधलेला ओटा, तो मात्र पार, त्याचे पारावर. लहानपणापासून दोन्ही शब्द माझ्या तोंडात आहेत, आणि बोलताना कधी घोटाळा झाला नाही. पण नोकरीभर मी लोकांच्या अर्जांतले 'मले' खोडून 'मला' केले, 'काहून' खोडून 'का' केले. हाताला वळण लागले होते. 'पारीवर' हा शब्द मनात आला तेव्हा तो गावंढळ वाटला, आणि हाताने आपोआप त्याचे 'पारावर' केले. तीनदा वाचूनही मला ते दिसले नाही.

चहा झाला की मी स्वतः पिंपळाच्या पारावर जाऊन बसत असे, हे सांगायचे राहिले. ग्रामपंचायतीसमोरच तो पार आहे. कोणाचा फेरफार अडलेला, कोणाचे शिधापत्रिकेतले नाव चुकलेले. लोक कागद घेऊन येत, मी फुकट अर्ज लिहून देई. खिशात चणे असत, ते सगळ्यांत वाटून खाई. तेवढ्या वेळात मी कोणाच्या तरी उपयोगाचा माणूस असे.

आठव्या दिवशी त्या पारावर पत्र्याची पाटी ठोकलेली दिसली. या पारावर सायंकाळी चार ते सहा घोळक्याने बसून खाणेपिणे करण्यास मनाई आहे. आदेशावरून.

पाटीखाली तीन म्हातारे उभे होते, बसावे की नाही या विचारात. त्यांतला एक, माझ्याहूनही वयाने मोठा, म्हणाला, "बाबूजी, तुमी आमाले हाकललं का सोताले?"

दुसरा म्हणाला, "चने खिशातच राहू द्या बाबूजी. काढले त गुन्हा लागन."

"अन तुमच्या अर्जातलं टरफल बी नसते चन्याले," तिसरा म्हणाला. "वकील लावा, सुटान."

मी हसलो नाही. तडक ग्रामसेवकाकडे गेलो. तरुण, सांगलीकडचा मुलगा, बदली होऊन नुकताच आलेला. मला पाहून तो खुर्चीतून उठला.

"काका, पाहिलंत ना? तुमच्या अर्जावर आठ दिवसांत कार्यवाही. वेळसुद्धा तुम्ही लिहिलीत तीच घातली."

"अहो, पार म्हणजे तलावाची पार!"

"तलावाला पार?" तो गोंधळला. "तलावाला बांध असतो ना, काका? पार झाडाला असतो." त्याने फाइल उघडून माझेच सुंदर अक्षर माझ्यापुढे धरले. "हे बघा. पारावर. तुमचं शुद्धलेखन तर पंचायतीत सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी खात्रीनं केलं. चुकलं असेल तर लेखी शुद्धिपत्र द्या. पाटी काढून तिकडं लावू, त्यात काय."

त्याचा दोष नव्हता. कागदावर जे आहे तेच खरे, हे मीच गावाला शिकवले होते.

बातमी माझ्या आधी घरी पोचली असणार. रात्री ताटात भाकर नव्हती. वाफाळता भात होता, नव्या धानाचा, वर तूप. बायकोने वाढले आणि समोर बसली.

"कोनाच्या इरोधात लिवला होता अर्ज?"

"सार्वजनिक हितासाठी."

"सार्वजनिक हित म्हंजे सिस्टर का मी?"

मी भात कालवत राहिलो. नव्या तांदळाला जो वास असतो तो माझ्यापर्यंत आला. दुसऱ्या दिवशी चारला थर्मास ठेवून ती गेली, आणि या वेळी येता का म्हणून विचारले नाही.

आता माझ्याकडे ओसरीही नव्हती आणि पारही नव्हता. मनाई सगळ्यांना लागू होती, पण पाळत होतो मी एकटा. बाकीचे दोन दिवसांत परत जाऊन बसले आणि पाटीच्या खिळ्याला छत्री अडकवू लागले. मला ते शक्य नव्हते. ज्या आदेशाच्या मुळाशी माझी सही आहे तो मीच मोडायचा, तर मग इतकी वर्षे काय केले?

मी शुद्धिपत्र लिहिले. दिनांक अमुकच्या अर्जात 'पारावर' ऐवजी 'पारीवर' असे वाचावे. एक ओळ. ती ओळ दिली, की पिंपळाखालची पाटी उचलून मोहाजवळ जाणार होती. मला माझी जागा मिळणार होती, त्यांची जागा जाणार होती, आणि बायको चारला घरी राहणार होती. अर्थात माझ्यासमोर ती कसे तोंड करून बसेल, याचा विचार मी मुद्दाम केला नाही. कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि निघालो.

ग्रामसेवकाकडे दोन गावे आहेत. त्या दिवशी तो दुसऱ्या गावी गेला होता. दाराला कुलूप. समोर पारावर म्हातारे, त्यांच्या हातांत शेंगदाणे. एकाने मला पाहून मूठ पाठीमागे लपवली. मी मान वळवली आणि पाय नेतील तिकडे चालू लागलो. ते तलावाकडे गेले.

दोन्ही बाजूंच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, धान कापून पडला होता. उन्हात ऊब उरली नव्हती. चढावर माझा श्वास वाजू लागला, पण पाठीमागे वळणे अपमानाचे होते, कारण दोघींनी मला लांबूनच पाहिले होते.

"या भाऊजी, बसा," सिस्टर म्हणाल्या. "दम लागला का?"

"नाही."

"मंग तोंड काहून उघडं आहे?" बायको म्हणाली. मांडीवर अडकित्ता, बाजूला टोपली.

मी दगडावर बसलो. सिस्टरने सरकून जागा केली होती. ती घेण्याखेरीज इलाज नव्हता. म्हणजे बायकोच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मी.

"कागद आहे का जी खिशात?" बायकोने विचारले. "टरफलं पारीवर टाकाची सोय नाई. लोक अर्ज करते."

"नाही."

"थो काय आहे मंग?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. माझ्या खिशातून घडी काढली, उलगडली, हात लांब करून वाचली. ओळ एकच होती, तरी तिला ती वाचायला बराच वेळ लागला. मी पाण्याकडे पाहत होतो. शिंगाड्याचे वेल ओढून नेल्यावर मोकळे झालेले पाणी, आणि काठाशी ढिवरांची लाकडी होडी, एक डोंगा, पालथा घातलेला.

"आता बराबर लिवलं पाहा," ती म्हणाली. "पारीवर."

"काय आहे वं?" सिस्टरने विचारले.

"काई नाई. यायचं शुद्धलेखन आहे."

तिने तो कागद मांडीवर पसरला आणि पहिल्या शिंगाड्याची दोन शिंगे त्यावर पाडली. मी तो मागितला नाही. पुन्हा लिहायला मला पाच मिनिटे लागली असती, हे तिला ठाऊक होते, आणि तिला ठाऊक आहे हे मलाही.

सोललेला पहिला गर सिस्टरला. दुसरा तिने तोंडात टाकला. तिसऱ्याची मी वाट पाहत होतो, हात पुढे करायच्या बेतात, तर तिने अडकित्ता आणि अख्खा शिंगाडा माझ्या ओंजळीत ठेवला.

"बगा, जमते का."

अडकित्ता ऐन वेळी घसरला, एक शिंग उडून पाण्यात गेले, आणि गराचा एक कोपरा टरफलालाच चिकटून राहिला. तरी बराचसा अख्खा निघाला. बारा वर्षांत मी सोललेला तो पहिला. मी तो बायकोच्या तळहातावर ठेवला.

तिने तो उलटून पाहिला. मग नखाने त्याचे दोन भाग केले, आणि एक सिस्टरला दिला. मोठा.